दारूच्या उपचारांची तुलना करायची, पण कशाशी?

दारूच्या व्यसनावरची अमुक थेरपी चांगली आहे का, असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारावं लागतं: कशापेक्षा चांगली? एखादी समुपदेशनाची पद्धत प्रतीक्षा यादीत ठेवलेल्या लोकांच्या तुलनेत घसघशीत यशस्वी दिसते. तेच समुपदेशक आणि तसेच रुग्ण घेऊन तीच पद्धत दुसऱ्या एखाद्या नीट शिकवलेल्या, नीट दिलेल्या थेरपीसमोर उभी केली, की फरक जवळजवळ पुसला जातो. दोन्ही निकाल खरे असतात. पहिल्या रुग्णाची नोंदणी होण्याआधी, कागदावर तुलना ठरते तेव्हाच निकालाचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. उपचारांवर खर्च होणारा पैसा आणि रुग्णांना दिला जाणारा सल्ला या निकालांवर उभा राहतो, त्यामुळे ही निवड कशी होते हे संशोधकांइतकंच वाचकांनीही समजून घ्यायला हवं.

काहीच केलं नाही तरी पिणं कमी का होतं

माणूस उपचाराला येतो तो बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट काळात. नोकरी गेलेली असते, यकृताचा रिपोर्ट बिघडलेला असतो, घरात टोकाचं भांडण झालेलं असतं. पिण्याचं प्रमाण वर्षभर वरखाली होत असतं. ते वर असताना मोजलं, तर पुढच्या वेळी मोजताना ते खाली आलेलं दिसण्याची शक्यताच जास्त. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. याशिवाय, उपचाराला यायचं ठरवणं हाच एक मोठा बदल असतो. काही जण फोन करून वेळ घेतात त्याच दिवसापासून पिणं कमी करतात.

तिसरं कारण सहज नजरेतून सुटतं: मोजमाप. अशा अभ्यासांत रुग्णासमोर कॅलेंडर ठेवतात आणि गेल्या 90 दिवसांत रोज किती प्यायलात, हे एकेक दिवस आठवून भरून घेतात. सण, पगाराचा दिवस, पाहुणे, आजारपण असे टप्पे धरून आठवण काढली जाते. इतकं सविस्तर बोलल्यावर स्वतःच्या पिण्याचा हिशोब पहिल्यांदाच डोळ्यांसमोर येतो आणि काही लोक तेवढ्यानेच बदलतात. ही मुलाखत सगळ्याच गटांची होते. त्यामुळे सगळेच गट थोडे सुधारतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी होतं.

इंग्लंडमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स, जिम ऑर्फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे नेहमी आठवला जातो. त्यात 100 विवाहित पुरुष होते. सगळ्यांची सविस्तर तपासणी झाली. अर्ध्यांना त्या काळचा पूर्ण उपचार मिळाला. उरलेल्यांना पत्नीसह एकदाच बसवून सांगितलं गेलं की पिणं थांबवायला हवं आणि ती जबाबदारी तुमचीच आहे. वर्षभरानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. 'उपचार निरुपयोगी' असा अर्थ यातून अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. घर आणि जोडीदार टिकून असलेल्या पुरुषांमध्ये, काळजीपूर्वक तपासणी आणि ठाम सल्ल्याच्या वर चढवलेल्या उपचारांनी फारशी भर घातली नाही, एवढंच या तुलनेतून कळतं. एकट्या राहणाऱ्या, बेघर किंवा तीव्र व्यसन असलेल्या लोकांबद्दल ती काहीच सांगत नाही.

तुलनेचा गट कसा असू शकतो

सगळ्यात सोपी सोय म्हणजे प्रतीक्षा यादी: अर्ध्यांना आत्ता उपचार, अर्ध्यांना तीन महिन्यांनी. अडचण अशी की 'तुमचा नंबर पुढे येईल' असं ऐकलेला माणूस बदलही पुढे ढकलू शकतो. स्वतःहून केला असता तो प्रयत्नही मग तो करत नाही. तुलनेचा गट कृत्रिमरीत्या मागे पडतो आणि थेरपी आहे त्याहून मोठी दिसते. शिवाय यादीतल्यांना तीन महिन्यांनी उपचार द्यावाच लागतो, त्यामुळे वर्षभरानंतरची तुलना हातातून जाते.

तीव्र व्यसन असलेल्यांसाठी तर हा मार्ग बंदच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी वैद्यकीय देखरेखीखाली दारूतून बाहेर काढावं लागतं आणि त्यानंतर त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही. त्याच्यासाठी तुलनेच्या दोन्ही बाजूंना खराखुरा उपचार असायला हवा आणि कोणता सरस, याबद्दल संशोधकांच्या मनात प्रामाणिक अनिश्चितता असायला हवी.

'नेहमीचा उपचार' हा दुसरा पर्याय ऐकायला निर्धोक वाटतो, पण तो जागेनुसार बदलतो. एका दवाखान्यात तो दोन मिनिटांचा उपदेश असेल, दुसरीकडे औषधं, समुपदेशन आणि पाठपुरावा असं सगळं असेल. म्हणून नेहमीच्या उपचारात नेमकं काय दिलं याची नोंद ठेवायची असते: किती भेटी, किती मिनिटं, कोणती औषधं. काही संशोधक नेहमीचा उपचार आधी थोडा सुधारून घेतात, म्हणजे त्याची किमान पातळी सगळीकडे सारखी राहते. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली गोव्यातली चाचणी अशीच होती. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे 377 पुरुष त्यात होते. 'ऑडिट' या प्रश्नावलीत त्यांचे गुण 12 ते 19 होते, म्हणजे पिणं हानिकारक, पण तीव्र व्यसनाच्या अलीकडचं. तुलनेच्या गटाला सुधारित नेहमीचा उपचार मिळाला. दुसऱ्या गटाला त्यासोबत खास प्रशिक्षण दिलेल्या सामान्य (म्हणजे डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नसलेल्या) समुपदेशकांच्या जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात 36 टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, तर तुलनेच्या गटात 26 टक्के लोकांचं. तुलनेचा गट नसता तर 36 टक्क्यांचं सगळं श्रेय समुपदेशनाला गेलं असतं. त्यातले 26 या बैठकांशिवायही झाले असते.

तिसरा पर्याय म्हणजे तेवढाच वेळ, तेवढीच आपुलकी, पण थेरपीचा गाभा वगळून दिलेल्या बैठका. तत्त्वतः हे उत्तम. प्रत्यक्षात समुपदेशकाला कळत असतं की आपण मुद्दाम अर्धवट काहीतरी देतोय, आणि त्याचा उत्साह तिथेच ओसरतो. त्यामुळे अनेक मोठ्या चाचण्यांनी चौथा मार्ग धरला: दोन किंवा तीन पूर्ण थेरपी समोरासमोर.

तीन थेरपी निवडायच्या तर कोणत्या

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला 'प्रोजेक्ट मॅच'. त्याला तिथल्या दारूविषयक राष्ट्रीय संस्थेचा निधी होता. तो 1989 मध्ये सुरू झाला आणि त्याचे मुख्य निकाल 1997 मध्ये आले. एकूण 1726 रुग्ण होते. त्यांपैकी 952 थेट बाह्यरुग्ण म्हणून आलेले आणि 774 रुग्णालयातला किंवा दिवसभराचा उपचार संपवून पुढच्या टप्प्यासाठी आलेले. प्रश्न असा होता की कोणत्या प्रकारच्या रुग्णाला कोणती थेरपी जास्त लागू पडते.

अशा प्रश्नासाठी थेरपी निवडताना चार-पाच गोष्टी एकदम तपासाव्या लागतात. आधीचे पुरावे काही आशा दाखवतात का? ती थेरपी बाहेर प्रत्यक्ष वापरली जाते का, किंवा वापरता येईल का? सगळ्या केंद्रांवर शिकवता येईल का? बहुतेक रुग्णांना देता येईल का? जोडप्यांच्या थेरपीचे निकाल चांगले असले तरी जोडीदार नसलेल्यांना ती देताच येत नाही, आणि निम्मे रुग्ण गाळून केलेल्या चाचणीचा निष्कर्ष उरलेल्या निम्म्यांपुरताच राहतो. शेवटची आणि आमच्या मते सगळ्यात कठीण अट: निवडलेल्या थेरपी एकमेकींपासून खरोखर वेगळ्या आहेत का?

मॅचमध्ये निवडलेल्या तीन थेरपी अशा: कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणजे सीबीटी, 12 बैठका. ट्वेल्व्ह स्टेप फॅसिलिटेशन म्हणजे टीएसएफ, रुग्णाला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या बारा पायऱ्यांच्या वाटेवर आणणारी, याही 12 बैठका. आणि मोटिव्हेशनल एन्हान्समेंट थेरपी म्हणजे एमईटी, 12 आठवड्यांत विखुरलेल्या फक्त 4 बैठका.

वेगळेपण म्हणजे काय हे एका वाक्यावरून दिसतं. रुग्ण येऊन म्हणतो, "शनिवारी परत प्यायलो." सीबीटीचा थेरपिस्ट शनिवारचा दिवस उलगडायला घेतो: कुठे होतात, सोबत कोण होतं, पहिल्या घोटाच्या आधी मनात काय आलं, तेव्हा दुसरं काय करता आलं असतं? मग नकार कसा द्यायचा याचा सराव तिथल्या तिथे होतो. टीएसएफचा थेरपिस्ट विचारतो: या आठवड्यात किती मीटिंगना गेलात, स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या तुमच्या जुन्या सोबत्याला, फोन केला का, नसेल तर काय आड आलं? एमईटीचा थेरपिस्ट काहीच शिकवत नाही. तो म्हणतो, "इतके दिवस थांबलात आणि शनिवारी मोडलं, याचं तुम्हाला वाईट वाटतंय." मग तो थांबतो आणि बदलाची कारणं रुग्णाच्याच तोंडून येऊ देतो.

बैठकीचं रेकॉर्डिंग एखाद्या त्रयस्थाला दाखवलं आणि ही कोणती थेरपी हे त्याला ओळखता आलं नाही, तर कागदावर तीन गट असले तरी प्रत्यक्षात एकच आहे. असं सहज घडतं. सीबीटीचा थेरपिस्ट रुग्ण रडायला लागल्यावर एमईटीसारखं ऐकत बसतो. एमईटीवाल्याला राहवत नाही आणि तो सल्ले द्यायला लागतो. म्हणून प्रत्येक थेरपीचं हस्तपुस्तक लागतं, त्यात काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हेही लिहावं लागतं. थेरपिस्टना आधी सराव-रुग्णांवर तपासून मान्यता द्यावी लागते, बैठका रेकॉर्ड कराव्या लागतात आणि त्या चाचणी चालू असतानाच पाहाव्या लागतात. संपल्यावर पाहून उपयोग नाही. तोवर घसरण होऊन गेलेली असते.

मॅचमध्ये प्रत्येक थेरपिस्ट एकच थेरपी देत असे. त्याने थेरपींची सरमिसळ टळते आणि प्रत्येक जण आपला विश्वास असलेली पद्धत मनापासून देतो. पण मग थेरपीचा परिणाम आणि ती देणाऱ्या माणसाचा परिणाम वेगळे काढणं अवघड होतं. उलट, एकाच माणसाने दोन्ही थेरपी दिल्या तर त्याची आवड एका बाजूला झुकते. दोन्हीत किंमत मोजावी लागते. आमचा कौल पहिल्या मार्गाला आहे, मात्र प्रत्येक थेरपीत थेरपिस्ट पुरेसे हवेत. दोन-तीनच असले तर एका कुशल माणसाचं यश थेरपीच्या नावावर जमा होतं.

बैठकांच्या संख्येचा प्रश्नही टाळता येत नाही. 4 विरुद्ध 12 अशा तुलनेत आशय आणि वेळ दोन्ही बदलतात. छोटी थेरपी हरली, तर ती मुळात कमकुवत होती की वेळ कमी पडला, हे सांगता येत नाही. ती बरोबरीत आली, तर मात्र तो मोलाचा निष्कर्ष ठरतो, कारण तेवढ्याच परिणामासाठी खर्च कमी लागतो. ब्रिटनमधल्या 2005 च्या 'यूकेएटीटी' चाचणीत 742 रुग्णांना एमईटीच्या 3 किंवा रुग्णाच्या भोवतालच्या माणसांना सोबत घेणाऱ्या थेरपीच्या 8 बैठका दिल्या. पिणं दोन्हींत सारखंच घटलं.

मॅचमध्येही थेरपींमधलं अंतर लहान निघालं. न पिण्याच्या दिवसांचं प्रमाण तिन्ही गटांत साधारण पाव भागावरून 80 टक्क्यांच्या घरात गेलं. रुग्ण आणि थेरपीच्या जोड्यांबद्दल मांडलेल्या अंदाजांपैकी मोजकेच टिकले. रागीट स्वभावाच्या बाह्यरुग्णांना एमईटी जास्त मानवली. ज्यांच्या भोवती पिणारेच जास्त होते, त्यांना तीन वर्षांनंतरच्या पाहणीत टीएसएफचा फायदा दिसला.

एक उणीव मात्र राहिलीच. मॅचमध्ये किमान उपचाराचा गट नव्हता. त्यामुळे तिन्ही थेरपी सारख्याच चांगल्या, की तिन्ही गट एरवीही तेवढेच सुधारले असते, हे त्या अभ्यासातून ठरवता येत नाही. 2005 मध्ये याच आकड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा एकाही बैठकीला न आलेल्या रुग्णांचंही पिणं बरंच घटलेलं आढळलं. जोड्या लावणं हाच प्रश्न असेल तर तीन थेरपी पुरतात. पण आज कुणी अशी चाचणी आखत असेल, तर एक थेरपी कमी करून त्या जागी एका सल्ल्याचा आणि नियमित पाठपुराव्याचा गट ठेवावा, असंच आम्ही सांगू.

किती माणसं लागतील

इथे बऱ्याच योजना कोसळतात. थेरपी आणि प्रतीक्षा यादी यांत मध्यम आकाराचा फरक अपेक्षित असेल, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (माणसामाणसांत एरवी जेवढा चढउतार असतो त्याचं हे माप), तर दर गटात सुमारे 64 माणसं पुरतात. हे गणित 80 टक्के ताकद (फरक खरा असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) आणि 5 टक्के चुकीची मुभा (फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता) धरून आहे. दोन चांगल्या थेरपींत फरक प्रमाण विचलनाच्या पाचव्या भागाएवढाच असू शकतो. तो पकडायला दर गटात जवळपास 400 माणसं लागतात. तीन थेरपी घेतल्या की तुलना तीन होतात आणि प्रत्येकीची कसोटी अजून कडक करावी लागते. 'कोणाला कोणती' असं विचारायचं असेल, तर तेवढ्याच आकाराचा परस्परपरिणाम, म्हणजे रुग्णाच्या प्रकारानुसार थेरपीच्या परिणामात पडणारा फरक, पकडायला साधारण चौपट माणसं लागतात. शिवाय वर्षभरात काही जण संपर्कातून सुटतात, आणि सुटणारे बहुधा पुन्हा प्यायला लागलेले असतात.

दर गटात 40 माणसं घेऊन दोन थेरपींची तुलना केली आणि 'फरक आढळला नाही' असं छापलं, तर त्याचा अर्थ 'दोन्ही सारख्या' असा होत नाही. सारखेपणा सिद्ध करायचा असेल तर किती फरक नगण्य मानायचा हे आधी लिहून ठेवावं लागतं आणि निकालाची संपूर्ण विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा, त्याच्या आत बसावी लागते.

गोळ्या आल्या की

औषध आणि थेरपी एकत्र तपासताना तुलनेचे गट भराभर वाढतात. अमेरिकेतल्या 2006 च्या 'कम्बाइन' चाचणीत 1383 रुग्ण आणि 9 गट होते. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट (दारूच्या व्यसनावरची दोन औषधं), दोन्ही किंवा नकली गोळ्या, आणि या प्रत्येकासोबत सविस्तर समुपदेशन दिलेलं किंवा न दिलेलं, असे 8 गट. या आठही गटांना डॉक्टर-नर्सच्या छोट्या भेटी होत्या. नववा गट वेगळा: फक्त समुपदेशन, ना गोळी, ना त्या भेटी. 16 आठवड्यांत या गटात न पिण्याचे दिवस 66.6 टक्के होते. नकली गोळी आणि छोट्या भेटी मिळालेल्यांत 73.8, आणि त्यावर समुपदेशनही मिळालेल्यांत 79.8. नववा गट नसता तर नकली गोळी आणि ती देताना होणारी विचारपूस यांचं वजन दिसलंच नसतं.

डायसल्फिरामचं कोडं अजून अवघड. ही गोळी घेऊन दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. म्हणजे परिणामाचा मोठा भाग भीतीत आहे, आणि नकली गोळी घेणाऱ्यालाही तीच भीती वाटते. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत 605 पुरुषांचे म्हणून तीन गट केले: 250 मिलिग्रॅमचा खरा डोस, 1 मिलिग्रॅमचा निष्प्रभ डोस आणि डायसल्फिराम नाही हे स्पष्ट सांगितलेला गट. दुसऱ्या गटामुळे भीतीचा वाटा आणि औषधाचा वाटा वेगळे काढता येतात. पूर्ण दारूबंद राहण्यात तिन्ही गटांत फरक पडला नाही. पुन्हा प्यायला लागलेल्यांमध्ये मात्र खरा डोस घेणाऱ्यांचे पिण्याचे दिवस कमी होते. गोळ्या नियमित घेणारे जेमतेम पाचवा भाग होते. म्हणून आता डायसल्फिरामच्या चाचणीत गोळी कुणाच्या देखरेखीखाली घेतली जाते हेही तुलनेत धरावं लागतं.

यश कशाने मोजायचं

मोजपट्टीही एखाद्या थेरपीच्या बाजूने झुकू शकते. टीएसएफचं ध्येय पूर्ण दारूबंदी आहे. एमईटीमध्ये ध्येय रुग्ण स्वतः ठरवतो, आणि ते पिणं कमी करण्याचंही असू शकतं. मॅचमधल्या बाह्यरुग्णांत उपचारानंतरच्या वर्षात एकदाही न प्यायलेले टीएसएफमध्ये 24 टक्के होते, सीबीटीमध्ये 15 आणि एमईटीमध्ये 14. तेच रुग्ण न पिण्याच्या दिवसांच्या टक्केवारीवर मोजले तर गट जवळजवळ बरोबरीत येतात. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यातही असंच चित्र आहे: वर्षभरानंतर अखंड दारूबंद राहणारे बारा पायऱ्यांच्या थेरपीत 42 टक्के आणि सीबीटीसारख्या इतर उपचारांत 35 टक्के, आणि बाकीच्या बहुतेक मापांवर बरोबरी. यातली एकच मोजपट्टी निकाल पाहिल्यानंतर निवडली, तर हवी ती थेरपी जिंकवता येते. त्यामुळे मुख्य माप कोणतं, ते कोणत्या महिन्यात घ्यायचं आणि संपर्कातून सुटलेल्या माणसाला प्यायलेला धरायचं की नाही, हे तीनही निर्णय थेरपींच्या निवडीसोबतच, नोंदणी सुरू होण्याआधी जाहीर करावे लागतात.